लाकडी बुद्धमूर्तीला उन्हाळ्यात तडा गेला: तेल लावावे का, आणि मूर्ती घरात ठेवावी का?

प्रश्न: लातूरची शिक्षिका

सर्वांना जय भीम.

माझ्या थोरल्या दिरांनी थायलंडहून परतताना चियांग माईजवळच्या बान तवाई या लाकूडकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावातून एक बुद्धमूर्ती आणली. ती सुमारे दीड फूट उंच असून एकाच ओंडक्यातून कोरलेली आहे. तिच्यावर गडद तपकिरी पॉलिश आहे. सोनेरी वर्ख किंवा रंग नाही. डावा हात मांडीवर उताणा आहे, उजवा हात गुडघ्यावरून खाली आला असून त्याची बोटे बैठकीला टेकली आहेत, आणि डोक्यावर ज्वालेच्या आकाराचा एक शेंडा आहे. पावसाळ्यानंतर आम्ही ती बैठकीच्या खोलीत खिडकीशेजारच्या फळीवर ठेवली. हिवाळाभर काही झाले नाही. मात्र उन्हाळा लागून कूलर सुरू झाल्यावर पाठीवर मानेखालपासून बैठकीपर्यंत उभा तडा दिसू लागला आणि तो हळूहळू रुंद होत आहे. फळी पुसताना मूर्तीच्या बुडाशी थोडी पांढुरकी भुकटीही आढळली.

सासूबाईंचे म्हणणे आहे की लाकूड कोरडे पडले आहे, त्याला दर आठवड्याला करडईचे तेल चोळावे. शेजारच्या काकू सांगतात की भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, नदीत सोडावी. आमच्या घराला रंग देणारे कारागीर लांबी (भेगा बुजवण्याची पुट्टी) भरून सोनेरी ऑइल पेंट मारून देण्यास तयार आहेत. मला यांपैकी काहीही करण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे. शिवाय माझी मुलगी विचारते की बुद्धांचा हात जमिनीला का लागला आहे आणि त्यांचे कान एवढे लांब का आहेत. तिला मी जे सांगते त्याने माझेच समाधान होत नाही.

उत्तर: सुतारकाम, नांदेड

ताई, जय भीम. मी अनेक वर्षे सागवानी चौकटी, दारे आणि फर्निचरचे काम करीत आलो आहे, म्हणून फक्त लाकडाच्या बाजूने लिहितो. मूर्तीच्या अर्थाविषयी येथे माझ्यापेक्षा अधिक वाचलेली माणसे आहेत.

तडा हवामानाने गेला आहे, अशुभाने नव्हे. लाकूड तोडले, वाळवले, पॉलिश केले, तरी ते हवेतील ओलावा घेत आणि सोडत राहते. पावसाळ्यात आपली दारे चौकटीत अडकतात आणि उन्हाळ्यात सैल होतात, ते याच कारणाने. थायलंडच्या दमट हवेशी जुळलेले लाकूड आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात, जेव्हा पारा 40 अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी होते, तेव्हा आपल्या अंगातील पाणी सोडून आकसते. हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. खोडाच्या लांबीत ते जवळजवळ नसतेच. मगजाकडून, म्हणजे खोडाच्या अगदी मध्यातून, सालीकडे जाणाऱ्या दिशेत थोडे असते. आणि खोडाच्या घेराच्या दिशेत त्याच्या सुमारे दुप्पट असते. मूर्ती अखंड ओंडक्यातून कोरलेली असली आणि ओंडक्याचा मगज तिच्या पोटात राहिला असला, तर घेर आकसू पाहतो, आतला भाग त्याला तेवढे आकसू देत नाही, आणि शेवटी लाकूड बाहेरून मगजाच्या दिशेने फाटते. दोघांनी धरून मूर्ती मऊ गादीवर आडवी करावी आणि तिचा तळ पाहावा. वाढीच्या वर्तुळांचा मध्यबिंदू तळातच दिसला आणि तडा त्याच्या रोखाने गेलेला असला, तर कारणाबद्दल शंका उरणार नाही.

कूलरने यात भर घातली आहे, असे मला वाटते. कूलर चालू असताना मूर्तीच्या एका अंगावर ओली हवा येते, तो बंद झाला की खिडकीतून कोरडी झळ येते, आणि हे रोज घडते. लाकडाला सावकाश होणारा बदल पुष्कळसा सोसतो, रोजचा झटका सोसत नाही. म्हणून पहिले काम एवढेच की मूर्ती कूलर, एसी, खिडकीचे ऊन आणि पश्चिमेची तापणारी भिंत यांपासून दूर, घराच्या आतल्या भिंतीजवळ हलवावी. बाहेरच्या भिंतीतील कोनाडाही नको, कारण पावसाळ्यात तेथे ओल उतरते. बाजारात काही शे रुपयांत आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल यंत्र मिळते; ते शेजारी ठेवले तर घरातील कोणती जागा स्थिर आहे, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

करडईच्या तेलाबद्दल सासूबाईंचा हेतू चांगला आहे. पण लाकडाला तेलाची भूक नसते. ते कोरडे पडले म्हणजे त्यातील पाणी गेले, आणि तेल पाण्याची जागा घेत नाही. करडई आणि जवस ही दोन्ही तेले हवेत हळूहळू घट्ट होऊन चिकट थर धरतात, त्यावर धूळ बसते आणि कोरीव कामाच्या खाचा काळ्या पडतात. खोबरेल तेल घट्ट होत नाही, ते ओशट राहते आणि पुढे खवट वास मारते. एकदा तड्यात तेल उतरले की पुढे तेथे सरस किंवा अन्य काहीही नीट चिकटत नाही. जाता जाता आमच्या धंद्यातील एक सावधगिरी सांगतो: जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात. हे मी फर्निचरसाठी सांगत आहे. मूर्तीला तेल लावूच नये.

लांबी भरण्याचा विचार तर मुळीच करू नये. आता तडा पूर्ण उघडा आहे. त्यात लांबी किंवा भुसा-फेविकॉल ठासून भरला, तर पावसाळ्यात लाकूड फुगेल, त्याला मिटायला जागा मिळणार नाही, तड्याच्या कडा चिरडतील किंवा लाकूड शेजारी नव्याने फाटेल. मी अशा अनेक कडा पाहिल्या आहेत, आणि त्या दुरुस्त करणे मूळ तड्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

भुकटीविषयी मात्र काळजी घ्यायला हवी. ती मैद्यासारखी मऊ असेल आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके दिसत असतील, तर तो लाकूड पोखरणारा भुंगा आहे. त्याची अळी सालीलगतच्या पांढरट लाकडातील पिष्टावर जगते; सागाच्या गडद गाभ्याला तो सहसा लागत नाही, पण रेन ट्री, आंबा अशा लाकडांना लागतो, आणि तिकडच्या मूर्ती सागाइतक्याच रेन ट्रीच्या लाकडातही कोरतात. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. मूर्तीखाली काळा कागद पसरून ठेवा, जुनी भुकटी ब्रशने झाडून टाका आणि कागदावर नवी पडते का, ते पाहा.

उत्तर: पाली शिकवणारा, छत्रपती संभाजीनगर

शेजारच्या काकूंच्या म्हणण्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्या घरांतून ही धास्ती अजून पुरती गेलेली नाही. भंगलेल्या मूर्तीचे विसर्जन ही कल्पना प्राणप्रतिष्ठेशी जोडलेली आहे: मूर्तीत देवतेचा वास मानला, तर मूर्ती भंगल्यावर तो वास संपला, असे मानावे लागते. बुद्धमूर्तीकडे आपण त्या दृष्टीने पाहत नाही. कालिंगबोधि जातकात, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या कथांपैकी एकीत, चैत्यांचे (पूजनीय वस्तूंचे) तीन प्रकार येतात: शारीरिक म्हणजे देहाचे अवशेष, पारिभोगिक म्हणजे बुद्धांनी वापरलेल्या वस्तू किंवा बोधिवृक्ष, आणि उद्देसिक म्हणजे त्यांच्या स्मरणार्थ केलेले. मूर्ती या तिसऱ्या प्रकारात मोडते आणि तिचा आधार पाहणाऱ्याच्या मनात असतो, असे तेथेच सूचित केले आहे. तडा गेल्याने स्मरणाला बाधा येत नाही. वेरूळ आणि अजिंठा येथील कितीतरी मूर्तींचे हात, नाक, गुडघे तुटलेले आहेत, आणि आपण तेथे जाऊन त्रिशरण म्हणताना थबकत नाही. वंदनेत फूल वाहतानाही आपण हेच म्हणतो की हे फूल जसे कोमेजते, तसे हे शरीरही नाश पावणार आहे. ते रोज म्हणणाऱ्या घराने लाकडाच्या तड्याला घाबरावे, हे मला थोडे विसंगत वाटते. आणि रंगीत, पॉलिश केलेले लाकूड नदीत सोडणे नदीसाठीही योग्य नाही.

आता मुलीच्या प्रश्नांकडे वळतो. आपण वर्णन केलेली मुद्रा भूमिस्पर्श मुद्रा आहे. बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थाला मार, म्हणजे मोहात पाडू पाहणारा, विचारतो की या आसनावर बसण्याचा तुझा अधिकार कोणता, तुझ्या पारमितांचा (पूर्णत्वाला नेलेल्या सद्गुणांचा) साक्षीदार कोण. त्यावर सिद्धार्थ उजव्या हाताने पृथ्वीला स्पर्श करून तिलाच साक्षीला बोलावतो. थायलंडमध्ये ही सर्वाधिक आढळणारी मुद्रा आहे आणि तिकडे ती मारविजयाच्या नावाने ओळखली जाते. मुलीला प्रत्यक्ष दाखवायचे असेल तर अजिंठ्याला घेऊन यावे. लेणी क्रमांक 1 मध्ये मारविजयाचा प्रसंग चित्रात आहे आणि क्रमांक 26 मध्ये तोच दगडात कोरलेला आहे: एकीकडे माराची सेना, त्याच्या कन्या, हत्तीवर बसलेला मार, आणि मध्ये खाली आलेला एक हात. त्याच लेणीत सुमारे 7 मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, उजव्या कुशीवर निजलेली. लेणी क्रमांक 1 च्या गाभाऱ्यातील मूर्तीचे दोन्ही हात छातीजवळ असून ती धर्मचक्र मुद्रा आहे. तिच्या आसनावर चक्र आणि हरणे आहेत, ती सारनाथच्या मृगदावाची (हरणांच्या वनाची) खूण. मुलांना अशा दोन-तीन मूर्ती शेजारीशेजारी दाखवल्या की ती पुढची मुद्रा आपणच ओळखू लागतात. हात वर आणि तळवा समोर असेल तर अभय. हात खाली आणि तळवा समोर असेल तर वरद. दोन्ही हात मांडीवर एकावर एक असतील तर ध्यान.

लांब कान राजपुत्रपणाची खूण आहेत. जड कुंडलांनी ओघळलेल्या पाळ्या कुंडले काढल्यावरही तशाच राहिल्या, म्हणून रिकाम्या पाळ्या म्हणजे टाकून दिलेले ऐश्वर्य. डोक्यावरचा उंचवटा म्हणजे उष्णीष, तो महापुरुषाच्या 32 लक्षणांपैकी एक आहे. त्यावर ज्वाला कोरण्याची रीत थायलंड आणि लाओसमध्ये विशेष आहे आणि ती ज्ञानाच्या तेजाची मानली जाते. आपल्याकडील विहारांत उघड्या डोळ्यांच्या मूर्ती पाहण्याची सवय असल्यामुळे तिकडच्या मूर्तींचे अर्धोन्मीलित डोळे आपल्याला झोपाळू वाटतात. पण ते ध्यानातले डोळे आहेत, झोपेतले नव्हेत. आणि बाजारात विकला जाणारा ढेरपोट्या हसरा पुतळा गौतम बुद्धांचा नाही. तो बुदाई नावाच्या चिनी भिक्षूचा आहे, ज्याला लोकांनी पुढे मैत्रेयाचे, म्हणजे भविष्यात येणाऱ्या बुद्धाचे, रूप मानले. भेट म्हणून तो हल्ली इतका फिरतो की हे सांगणे भाग पडते.

लाकूड आणि बौद्ध शिल्प यांचा संबंध आपल्या मातीत किती जुना आहे, हे वेरूळच्या लेणी क्रमांक 10 मध्ये दिसते. दगडी छताला लाकडी वाशांप्रमाणे बाक दिलेल्या फासळ्या कोरल्या आहेत, आणि त्यामुळेच लोक त्या लेणीला सुताराची झोपडी म्हणत आले. स्तूपासमोर बुद्ध पाय खाली सोडून बसले आहेत. ज्या लाकडी चैत्यगृहांची ती नक्कल आहे, ती मात्र ऊन, पाऊस आणि वाळवीने केव्हाच खाल्ली. चिनी प्रवासी ह्युएन त्संगाने कौशांबीच्या उदयन राजाने करवलेल्या चंदनी बुद्धमूर्तीची दंतकथा नोंदवली आहे. तीत बुद्धांची पहिली प्रतिमा लाकडाचीच आहे.

सुतारदादांनी मगजाबद्दल जे लिहिले आहे, त्याला जपानमधून दुजोरा मिळतो. तेथील शिल्पकार मूर्ती मागून किंवा खालून आतपर्यंत पोखरून मगज काढून टाकत, आणि पुढे तर अनेक ठोकळे वेगवेगळे कोरून, आतून पोकळ ठेवून, एकत्र जोडू लागले. क्योतोजवळच्या ब्योदोइन येथील 1053 मधील अमिताभ बुद्धाची मूर्ती शिल्पकार जोचो याने अशीच घडवली आणि ती आजही उभ्या अंगाने न फाटता टिकून आहे. पर्यटकांसाठी घाईने कोरलेल्या मूर्तीत एवढी मेहनत कोण घेणार?

उत्तर: विहार समिती, हिंगोली

आमच्या विहारात म्यानमारहून आलेली एक जुनी लाकडी मूर्ती आहे, लाखेच्या थरावर सोनेरी वर्ख लावलेली. आपली मूर्ती साधी असली, तरी वापराच्या काही गोष्टी दोघींना सारख्याच लागू आहेत.

मेणबत्ती आणि अगरबत्ती ही मूर्तीच्या अगदी पायाशी लावण्याची सवय मोडायला हवी. काजळी आणि अगरबत्तीचा तेलकट धूर चेहऱ्याच्या खालच्या भागावर, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांत बसतो, आणि तो पुसून निघत नाही, पसरतो. आम्ही मूर्तीसमोर वेगळा चौरंग ठेवला आहे. ज्योत आणि धूर त्यावरच असतात, फुले पाण्याच्या वाटीत आणि वाटी ताटात, म्हणजे पाणी सांडले तरी लाकडापर्यंत जात नाही. हार गळ्यात घालत नाही, कारण ओल्या हाराने आमच्या मूर्तीच्या खांद्यावरील वर्ख उठला. बुद्धपौर्णिमेला कोणी उत्साहाने दूध-पाण्याने स्नान घालू लागले, तर त्यांना नम्रपणे थांबवावे. थायलंडमध्ये नववर्षाला मूर्तीवर सुगंधी पाणी शिंपडतात हे खरे आहे, परंतु घरातील तडा गेलेल्या लाकडावर ते करण्याचे कारण नाही.

धूळ झटकण्यासाठी चित्रकाराचा रुंद, मऊ केसांचा ब्रश वापरावा आणि त्याच्या पत्र्याच्या भागाला चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. डोक्याकडून सुरुवात करून खाली यावे. ओले फडके, काच पुसण्याचे फवारे, फर्निचरचा चकाकी देणारा स्प्रे, यांतले काहीही नको. तड्याच्या कडेवर फडके फिरवले तर सूत अडकते आणि ढलपी निघते. मूर्ती हलवताना दोन्ही हात बैठकीखाली घालून उचलावी. डोक्यावरची ज्वाला पुष्कळदा वेगळी बसवलेली असते आणि खाली आलेला हात हा सर्वांत कमजोर भाग असतो.

सोनेरी ऑइल पेंटबद्दल माझे मत कडक आहे. एका गावात जुन्या मूर्तीला असा रंग दिलेला मी पाहिला. डोळ्यांच्या पापण्या आणि ओठांची रेषा रंगात बुजून गेली आणि चेहरा ओळखू येईना. तो रंग काढताना खालचे पॉलिशही जाते.

प्रश्नकर्तीचे पुढचे लेखन: लातूरची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. मूर्ती आतल्या खोलीत हलवली आहे. तळ पाहिला; वर्तुळांचा मध्य बैठकीच्या बरोबर मधोमध आहे आणि तडा त्याच्याकडेच गेला आहे. सासूबाईंना पाली शिकवणाऱ्या सरांचे उत्तर वाचून दाखवले. तेलाचा आग्रह त्यांनी सोडला, मात्र त्यांच्या मते कडुनिंबाचा पाला तरी जवळ ठेवायला हरकत नसावी. काळ्या कागदावर नवी भुकटी पडली आहे आणि डाव्या गुडघ्याखाली बारीक भोके सापडली आहेत. एका ओळखीच्यांनी भोकांत रॉकेल सोडायला सांगितले आहे. काय करावे?

उत्तर: सुतारकाम, नांदेड

रॉकेल नको. त्याचे डाग पडतात, वास महिनोन्महिने जात नाही, आणि ज्या वस्तूजवळ ज्योत लावली जाते तिच्यात रॉकेल मुरवणे धोक्याचे आहे. कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या ठेवल्याने लाकडाच्या आतली अळी मरत नाही. बोरॅक्सचे पाणी कच्च्या लाकडात मुरते, पॉलिश केलेल्या लाकडात नाही.

आपल्या मूर्तीवर वर्ख किंवा रंगाचा थर नाही, त्यामुळे गोठवण्याचा उपाय करता येईल. संग्रहालयांतही तो वापरतात. मूर्ती सुती कापडात गुंडाळून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालावी, हवा शक्य तेवढी दाबून काढावी, तोंड चिकटपट्टीने पक्के बंद करावे आणि उणे 18 अंश किंवा त्याहून थंड डीप फ्रीजरमध्ये पूर्ण दोन आठवडे ठेवावी. दीड फुटाची मूर्ती घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात मावणार नाही. आइस्क्रीमच्या दुकानदाराकडे आडवा डीप फ्रीजर असतो, ओळखीत विचारून पाहावे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. किमान एक दिवस ती खोलीत तशीच राहू द्यावी, नाहीतर थंड लाकडावर दव धरेल. त्यानंतर भोके आहेत तशीच ठेवून पुन्हा काळा कागद पसरावा, म्हणजे अळी खरोखर मेली की नाही ते कळेल.

हिंगोलीच्या दादांच्या मूर्तीसारखी वर्खाची मूर्ती असेल तर हा उपाय घरी करू नये. लाकूड आणि लाखेचा थर थंडीत वेगवेगळे आकसतात आणि थर सुटू शकतो. तेथे जतनाचे शिक्षण घेतलेल्या माणसालाच बोलवावे.

उत्तर: पाली शिकवणारा, छत्रपती संभाजीनगर

एक मतभेद नोंदवतो. तडा कायमचा उघडा ठेवावा, असे सुतारदादांच्या लिहिण्यातून वाटते. पण त्यात धूळ आणि कीटक शिरतात. पावसाळा संपल्यावर, हवा मध्यम असताना, लाकडाच्या रंगाचे मऊ मेण हलक्या हाताने भरले तर काय हरकत आहे? ते दाबले जाते आणि नको असेल तेव्हा काढताही येते.

उत्तर: सुतारकाम, नांदेड

मेणाला माझी हरकत नाही, पण यंदा नको. एक पूर्ण वर्ष तडा कसा वागतो ते आधी पाहावे. वैशाखात, आषाढात, दिवाळीला आणि संक्रांतीला, त्याच जागी मोजपट्टी धरून फोटो काढावा. पावसाळ्यात तो बराचसा मिटला आणि पुढच्या उन्हाळ्यात याच रुंदीपर्यंत आला, तर लाकडाचा ताण मोकळा झाला आहे, असे समजून मेण भरावे. शिवाय नुसते मधमाशांचे मेण आपल्या उन्हाळ्यात मऊ पडून धूळ धरते, म्हणून त्यात थोडे कार्नोबा मेण (एका ताडाच्या पानांपासून मिळणारे कडक मेण) मिसळावे लागते; ते पॉलिशच्या सामानाच्या दुकानात मिळते.